गेलेल्या माणसाची नेमणूक

मी जेवणाची पेटी बोलतेय. ऑस्लर जिल्ह्याच्या ज्येष्ठ नागरिक भोजनालयातली, चार नंबरची. दमलेय, म्हणून बसूनच बोलते. तशीही मला दुसरी कुठली बैठक ठाऊक नाही.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे उकाडा असतो म्हणे. मला आठवत नाही, कारण भिंतींत ऊब धरणारा फेस भरला जातो तेव्हा शुद्ध नसते. शुद्ध आली ती इथे, या सपाट मुलखात, जानेवारीच्या उणे तीसच्या थंडीत. ट्रकमधून उतरवताना हमाल म्हणाला, "आली आणखी एक मरायला." हेच माझं बारसं. मग कुणीतरी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने चारचा आकडा काढला आणि मी कामाला लागले.

काम एकच. सकाळी साडेदहाला गरम थाळ्या पोटात घ्यायच्या, आणि ज्यांना भोजनालयापर्यंत येता येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या दारापर्यंत ऊब सांभाळायची. दूध आणि फळं माझ्या शेजारच्या निळ्या थंड पेटीत जातात. ती माझी सवत. तिला कुणी कधी नावं ठेवत नाही. जेवण गार झालं की बोल मला लागतो, दूध गार असलं की शाबासकी तिला.

पहिली सहा वर्षं मला ऑर्विल नावाचा एक गृहस्थ न्यायचा. त्याचं कुत्रं गाडीत माझ्यावर हनुवटी टेकून झोपायचं. हिवाळ्यात बिचाऱ्याला बरं वाटत असेल. मग ऑर्विलच्याच दारात थाळी पोचवायची वेळ आली, आणि दोन वर्षांनी तीही थांबली. त्याने गाडी सोडली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, मी आर्डिसकडे आहे.

आर्डिस टॉरविक. वय एकाहत्तर. आधी तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, त्यामुळे या जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांना ती अजून बसमधली पोरंच समजते. कुठल्या खडीच्या रस्त्यावर बर्फ कुठे साठतो, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल. उत्तर भागाची फेरी तिची. अकरा घरं आणि बावन्न मैल, सोमवार ते शुक्रवार. पैसे मिळत नाहीत. गाडीत ती एकटीच बोलते, म्हणजे माझ्याशीच बोलते, कारण सवतीला ती मागे ठेवते.

आता समितीविषयी सांगते, कारण सगळं रामायण तिथलंच आहे.

जिल्ह्याचा कारभार पाच जणांचं मंडळ बघतं. म्हाताऱ्यांच्या बाबतीत त्या मंडळाला सल्ला द्यायला नऊ जणांची एक समिती असते. गावातली साधी माणसं अर्ज करतात आणि मंडळ त्यांना तीन वर्षांसाठी नेमतं. पगार नाही. मान म्हणावा तर तोही बेताचाच. कॉफी मिळते. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दीड वाजता, जेवणं आटोपली की आमच्याच दालनात टेबलं जोडतात आणि समिती बसते. मी तोवर फेरी करून भिंतीजवळच्या फळीवर परतलेली असते. पंधरा वर्षं मी त्यांच्या बैठका ऐकतेय. माणसं सल्ला द्यायला येतात आणि सांधेदुखीवर बोलून परत जातात, हे माझं निरीक्षण.

उत्तर भागाची जागा एमिल झाखची होती. चौदा वर्षं. धान्याच्या कोठारावर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्यामुळे कानांनी जरा कमी. बैठकीत तो एकच प्रश्न विचारायचा, "आणि उत्तरेकडचं काय?" रस्त्यांचा विषय असो, फ्लूची लस असो, नाताळचं जेवण असो, शेवटी एमिलचा हात वर जायचाच. काही लोक हसायचे. पण त्याच्यामुळेच आमच्या फेरीत सहाची अकरा घरं झाली. पुढे पायांनी साथ सोडली तेव्हा त्याचं स्वतःचं घर अकरावं झालं, शेवटचं. तिथे तो आणि त्याची बायको रोझिना राहायचे.

ऑक्टोबरात एमिल गेला. सकाळी कॉफी ओतून घेतली आणि ती प्यायच्या आत गेला. दफनविधीला सगळा जिल्हा लोटला होता. प्रार्थना सांगितली ती पाद्री ऑस्टबींनी. ते तसे निवृत्त झालेले आणि समितीचे अध्यक्ष, पण एमिलसाठी पुन्हा झगा चढवून आले. शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत मंडळाचा अध्यक्ष व्हर्लिन श्मिट होता. मंडळाचे बाकीचे चौघंही होते आणि चर्चच्या तळघरात बसून हॅमचे पाव व्यवस्थित खाऊन गेले. मला ठाऊक आहे, कारण बटाट्याच्या गरम थाळ्या घेऊन मीच तिथे गेले होते.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की एमिल गेला हे कुणाला माहीत नव्हतं असं कुणी पुढे म्हणू नये.

त्याच डिसेंबरात भोजनालयाच्या कार्यालयाने एक नवी योजना काढली. उत्तर भागाची रोजची गरम फेरी बंद करायची. त्याऐवजी आठवड्यातून एकदा गोठवलेल्या पाच थाळ्यांचा खोका कुरियरने दारात ठेवायचा. म्हातारे लागतील तशा गरम करून खातील. पेट्रोल वाचेल, वेळ वाचेल. जूनच्या बैठकीत समितीने मत द्यायचं होतं. समितीतले गावातले चौघे योजनेच्या बाजूने होते, शेतवस्तीवरचे चौघे विरोधात. नववी जागा एमिलची, रिकामी. मतं सारखी पडली तर गरम फेरी चालू ठेवण्याचा ठराव पडला आणि योजना आपोआप लागू झाली, असा नियम.

खरं सांगू? मला आतून वाटलं होतं, होऊन जाऊ दे. पंधरा वर्षं खडीवरून आदळतेय मी. बिजागरी ढिली झालीय, कडा चिरलीय. कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहायला मिळालं तर माझी काही तक्रार नव्हती.

पण आर्डिसने अर्ज भरला. गाडी थांबवून माझ्याच पाठीवर कागद ठेवून भरला. एका पानाचा अर्ज. 'आपण या समितीसाठी योग्य का आहात?' याच्यापुढे तीन ओळींची जागा होती. ती बराच वेळ पेन चावत बसली आणि मग लिहिलं, 'मला रस्ता माहीत आहे.'

जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी मंडळ बसलं. शुक्रवारी आर्डिस पेपर घेऊन गाडीत आली आणि मंडळाच्या ठरावांचं पान उलगडून वाचायला लागली. मग म्हणाली, "ऐकलंस का ग चार नंबर? एमिलला नेमलंय. पुन्हा तीन वर्षांसाठी. एकमताने."

झालं होतं असं. मंडळाच्या बैठकीत किरकोळ कामांची एक यादी असते. रस्त्यावरचे फलक, कुत्र्यांचे परवाने, समित्यांवरच्या नेमणुका. ती कुणी वाचत नाही. एक जण म्हणतो मंजूर, दुसरा म्हणतो अनुमोदन, पाच हात वर जातात आणि कॉफी येते. ज्या सभासदाची मुदत संपते त्याने पुढे काम करायचं नसेल तर डिसेंबरअखेर तसं कळवायचं. नाही कळवलं तर त्याचं नाव पुढच्या यादीत आपोआप येतं. एमिलने कळवलं नव्हतं.

म्हणजे ज्यांनी त्याला खांदा दिला त्यांनीच त्याला कामावर घेतलं. आणि जागा भरली म्हणून आर्डिसचा अर्ज परत आला.

आर्डिस त्याच दिवशी जिल्हा कचेरीत गेली. मला हातात घेऊनच गेली, कारण थाळ्या भरलेल्या होत्या आणि गाडीत ठेवल्या असत्या तर गारठल्या असत्या. व्हर्लिन टेबलामागे बसला होता. पन्नाशीचा माणूस, पण आर्डिसला बघून त्याने बसमधल्या पोरासारखे हात टेबलाखाली घेतले.

"व्हर्लिन, तू शवपेटीच्या डाव्या बाजूला होतास," ती म्हणाली. "मी बघत होते."

"मला माहीत आहे, आर्डिस."

"मग त्यात कोण आहे असं वाटलं होतं तुला?"

व्हर्लिनचे कान लाल झाले. आपलं म्हणणं तो हळू आवाजात सांगत गेला. ठराव मागे घ्यायचा तर नवा ठराव करावा लागतो, आणि तो पेपरात छापावा लागतो, तसा कायदाच आहे. 'मंडळाने चुकून मृत माणसाची नेमणूक केली' हे रोझिनाने पेपरात वाचावं का? आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यापेक्षा दोन साधे रस्ते आहेत. सभासदाच्या घरून राजीनामा यावा, नाहीतर सभासदाने न कळवता तीन बैठकांना गैरहजर राहावं. मग जागा आपोआप रिकामी होते आणि कुणाला काही बोलावं लागत नाही.

"तीन बैठका तर तो नक्कीच चुकवेल," व्हर्लिन म्हणाला. "एप्रिलमध्ये जागा मोकळी. मेमध्ये तुम्हाला नेमतो. शब्द देतो."

आर्डिसला ते पटलं. मलाही पटलं. मेलेला माणूस गैरहजर राहील, एवढा भरवसा तर ठेवायला हरकत नव्हती.

जानेवारीची बैठक बर्फामुळे दरवर्षी रद्दच असते. फेब्रुवारीत समिती बसली. कार्यालयातली जोलीन हजेरी लिहायला वही घेऊन बसली. पाद्री ऑस्टबी नावं वाचायला लागले. एक एक जण "हजर" म्हणत गेला. मग ते थांबले. चष्मा काढून पुसला.

"एमिल झाख."

ज्या माणसाला आपण माती दिली त्याचं नाव हजेरीत वाचायचं, म्हणजे ऑस्टबींचीही पंचाईतच. आणि 'न कळवता गैरहजर' असं एमिलविषयी म्हणायला त्यांची जीभ रेटेना. चौदा वर्षांत त्याने एकही बैठक न सांगता चुकवली नव्हती. ऑस्टबींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "कळवून गैरहजर." सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी "आमेन" सुद्धा म्हणालं. जोलीनने तसं लिहिलं.

मार्चमध्येही तसंच. कळवून गैरहजर.

असा कळवून गैरहजर असलेला सभासद कितीही बैठकांना आला नाही तरी त्याची जागा जात नाही. पुढची तीन वर्षं एमिल त्या खुर्चीवर सुखाने बसणार होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. इथल्या माणसांना बर्फात रुतलेली गाडी अर्ध्या तासात काढता येते, पण कुणाला अवघडल्यासारखं होईल असं एक वाक्य तोंडातून काढता येत नाही. आर्डिस बैठकीनंतर ऑस्टबींकडे गेली होती. ते म्हणाले, "मी त्याला बेजबाबदार म्हणू का, आर्डिस? त्याच्या बायकोसमोर मला उभं राहायचं असतं."

म्हणजे उरला राजीनामा. आणि तो मागायचा रोझिनाकडे.

रोझिना झाख चौऱ्याऐंशीची. ठेंगणी, पाठीत वाकलेली, जिभेने मात्र ताठ. आमची शेवटची थाळी तिची. जानेवारीतच तिने पेपरातला तो तुकडा कापून फ्रिजवर चिकटवला होता. आर्डिसला बोटाने दाखवला होता.

"याआधी एमिलचं नाव पेपरात आलं ते काळ्या चौकटीत आलं होतं," ती म्हणाली होती. "हे बघ आता कसं आलंय. चौकट नाही, काही नाही. तीन वर्षं दिलीत त्याला."

आर्डिस काही बोलणार तेवढ्यात तीच म्हणाली, "मला माहीत आहे ग, चूक झालीय. मी काही खुळी नाही. पण चांगली चूक आहे. राहू दे."

आता अशा बाईकडे काय मागणार? मार्चभर आर्डिस ताकाला जाऊन भांडं लपवत राहिली. दारात थाळी द्यायची, हवा कशी आहे विचारायचं, गुडघे कसे आहेत विचारायचं, आणि परत गाडीत येऊन स्टिअरिंगवर हात आपटायचा. "उद्या," ती मला म्हणायची. मी किती उद्या ऐकले ते मोजले नाहीत.

शेवटी मार्चच्या अखेरीस तिने विचारलं. दारातच, एका दमात. योजना काय आहे, मतं कशी चार-चार आहेत, जागा का अडकलीय, आणि राजीनाम्याच्या दोन ओळी. मी तिच्या हातात होते. 

रोझिनाने सगळं ऐकून घेतलं. थाळी हातात घेतली.

"आधी त्याला घरातून नेलंत," ती म्हणाली. "आता कागदावरूनही न्यायला आलात होय? आणि तूही त्यांतलीच निघालीस, आर्डिस."

तिने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानंतर रोज ती थाळी घ्यायची, मान हलवायची आणि आत जायची.

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी कार्यालयाने गोठवलेल्या खोक्याची चाचणी सुरू केली. कुरियरवाल्याने अकरा दारांत अकरा खोके ठेवले, घंटा वाजवली आणि दार उघडायच्या आत पुढच्या घराला निघून गेला. पुढचा सगळा आठवडा फेरी बंद. मी फळीवर बसून राहिले. सांगायला लाज वाटते, पण पहिले तीन दिवस फार सुखाचे गेले. कुणी उचललं नाही, आदळलं नाही. दुपारचं ऊन खिडकीतून यायचं आणि मी नुसती असायची. सवत शेजारी होती, तीही गप्प होती.

चौथ्या दिवशी आर्डिस उगीचच दालनात येऊन बसली. कोट अंगात, गाडीच्या किल्ल्या हातात. साडेदहा वाजले तशी उठली, माझ्यापर्यंत आली, माझं दार उघडून रिकाम्या पोटात बघितलं आणि परत लावलं. तिला विश्रांती जमत नव्हती. मला जमत होती, एवढाच आमच्यात फरक.

मग ती निघून गेली. तो गुरुवार होता, आणि दुपारी समितीची बैठक होती. दीड वाजायला आला तेव्हा दालनाचं दार उघडलं आणि आर्डिसच्या दंडाला धरून रोझिना आत आली. चर्चला जाताना घालतात तो निळा कोट, डोक्याला रुमाल. सगळे उठून उभे राहिले. ती भिंतीकडेला, माझ्या फळीखाली, लोकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसली. बसल्यावर आर्डिसला म्हणाली, "मी तुला आज सकाळी फोन केला ना, तेव्हा आधी माझा आवाजच फुटेना. तुला वाटलं असेल कुणी चेष्टा करतंय."

"मला वाटलं तुम्ही रागावलायत अजून," आर्डिस म्हणाली.

"रागावलेच आहे. पण सहा दिवसांत मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. शुक्रवारी त्या पोराला आभार म्हणायला दार उघडलं, तर तो गेलेला. खोका तेवढा उभा." तिने रुमालाची गाठ चाचपली. "जेवण वाईट नाही ग. पण जेवण काय विचारतं का, गुडघे कसे आहेत म्हणून?"

त्या वेळी मला माझ्या तीन दिवसांच्या सुखाची खरंच लाज वाटली.

ऑस्टबींनी बैठक सुरू केली. जोलीनने वही उघडली. नावं वाचली जाऊ लागली, हजर, हजर, आणि ऑस्टबी थांबले. रोझिनाकडे बघवेना, म्हणून त्यांनी कागदाकडेच बघितलं.

"एमिल झाख."

मग ते घाईघाईने, जवळजवळ प्रार्थनेच्या सुरात म्हणाले, "कळवून गैर—"

"नाही," रोझिना म्हणाली.

ती उठायला लागली. आर्डिसने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला आणि खुर्चीच्या पाठीला धरून आपली आपण उभी राहिली. बाहेरच्या माणसाने हजेरीच्या वेळी बोलायचं नसतं, असा नियम असणार. जोलीनने तो कुणाला सांगितला नाही.

"पाद्री, तुम्ही माझ्या नवऱ्याला चांगलं म्हणताय त्याबद्दल आभार," ती म्हणाली. "पण तुम्ही लिहिताय ते खोटं आहे. त्याने काही कळवलं नव्हतं. तुम्हाला नाही आणि मलाही नाही. कप भरलेला होता टेबलावर. मी साखर आणायला आत गेले होते, आणि परत येईपर्यंत तो गेला. मला कळवलं असतं तर मी साखरेला गेले नसते."

स्वयंपाकघरात कुणीतरी नळ बंद केला.

"तेव्हा लिहा," ती जोलीनला म्हणाली. "न कळवता गैरहजर. आजची, आणि मागच्या दोन्ही. तीन झाल्या ना?"

"झाल्या," जोलीन म्हणाली. तिला वहीतलं नीट दिसत नव्हतं, ती सारखी डोळे पुसत होती. मागच्या दोन नोंदी बदलायचा ठराव कुणीतरी मांडला, कुणीतरी अनुमोदन दिलं. आठ हात वर गेले. अध्यक्ष ऑस्टबींचा हात सगळ्यांत शेवटी गेला. मग त्यांनी जे सहा महिन्यांत या जिल्ह्यात कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"एमिल झाख मरण पावले आहेत. उत्तर भागाची जागा रिकामी आहे."

रोझिना खाली बसली. रुमाल सोडला, घडी घातली, मांडीवर ठेवला. रडली नाही. आर्डिस रडली, आणि तीस वर्षांत बसमधल्या पोरांसमोर कधी रडली नव्हती म्हणून तिला त्याचाच राग आला.

मे महिन्यात मंडळाने आर्डिसला नेमलं. या वेळी व्हर्लिनने किरकोळ यादीतलं एक एक नाव मोठ्याने वाचलं, आणि प्रत्येक नावानंतर हा माणूस हयात आहे ना, अशी चौकशी केली. आर्डिसचं नाव आलं तेव्हा ती मागच्या बाकावरून म्हणाली, "सध्या तरी." हे तिनेच मला गाडीत सांगितलं, आणि सांगताना किती दिवसांनी हसली.

जूनमध्ये मतदान झालं. पाच विरुद्ध चार. आर्डिसने हात वर केला तेव्हा तिची बाही कोपरापर्यंत घसरली, इतका उंच केला. गरम फेरी एक वर्ष चालू राहील. फक्त एक वर्ष. समितीचं मत म्हणजे सल्लाच. पुढच्या जूनमध्ये पुन्हा कार्यालयाचा कागद येईल, पुन्हा पेट्रोलचा हिशेब येईल. मी फार आनंदले असं म्हणणार नाही. माझ्या वाट्याला आणखी एक हिवाळा आला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दहा घरं झाली आणि आम्ही शेवटच्या दारात पोचलो. रोझिनाला बातमी कळली होती, जोलीनने फोन केला होता. तिने थाळी घेतली, पण आत गेली नाही. दार पूर्ण उघडलं आणि आर्डिसला म्हणाली, "बस."

नऊ वर्षांत आर्डिस त्या घरात कधी बसली नव्हती. ती म्हणाली, माझं जेवण झालंय. रोझिना म्हणाली, खोटं बोलू नकोस. मग तिने कपाटातून दोन ताटल्या काढल्या आणि थाळीतलं कोंबडीचं कालवण, नूडल्स आणि घेवडा दोन्हींत सारखं वाटलं. मला आर्डिसने उंबऱ्यातच ठेवलं होतं, दार उघडं. आतली ऊब बाहेर जात होती. एरवी मी हैराण झाले असते, पण आता पोचवायला कुणी उरलं नव्हतं.

दोघी जेवू लागल्या. मग रोझिनाने विचारलं, "काल त्याच्या जागेवर बसून मत दिलंस. कसं वाटलं?"

आर्डिसने विचार केला. "खुर्ची कडक आहे," ती म्हणाली.

"हो ना," रोझिना म्हणाली, आणि तिच्या ताटलीत आणखी थोडा घेवडा वाढला. "चौदा वर्षं दर महिन्याला तेच ऐकत होते मी."

माझं सांगून झालं. आणखी किती दिवस टिकेन ते सांगता येत नाही, आणि टिकायची मला हौसही नाही. एकच मागणं आहे. डिसेंबरात पूर्व भागाचे दोघं सभासद मुदत संपून बाहेर पडताहेत. दोघांनीही तसं लेखी कळवलंय. कोरे अर्ज जोलीनच्या टेबलावर आहेत, अजून कुणी उचलले नाहीत. एका पानाचा अर्ज आहे. तीन ओळींत मावेल एवढंच लिहायचं असतं.